वरची सात मिनिटं

१

विमानतळावर त्याला सगळे मिनिटराव म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत, त्यामुळे राग धरायची सोयच नव्हती. कुणी "आलोच पाच मिनिटांत" म्हणून सटकलं, की हा मनगटावरचं घड्याळ बघून ठेवायचा आणि सहाव्या मिनिटाला त्याला शोधत निघायचा. अशा माणसाला चहाला सोबत न्यायला कोण धजावणार? पण कामाला पक्का. नऊ वर्षांत त्याच्या वहीत एक खाडाखोड नव्हती.

वही म्हणजे उड्डाणांची वही. विमानतळ टीचभर, विमान एकच, एकोणीस जणांचं, दोन पंख्यांचं. सकाळी नऊ दहाला ते पलीकडच्या गावी जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. चाकं सुटली की मिनिटराव वेळ लिहायचा. मग पलीकडच्या विमानतळावर नोंदी ठेवणाऱ्या ताईचा फोन यायचा. चाकं टेकल्याची वेळ ती सांगायची, तीही तो लिहायचा आणि मधला फरक तिसऱ्या रकान्यात मांडायचा. दोन विमानतळांमधलं सरळ अंतर दोनशे आठ किलोमीटर. उडायला एकेचाळीस मिनिटं. वारा समोरून असला तर बेचाळीस, पाठून असला तर चाळीस. त्याच गावी रस्त्याने जायचं तर मध्ये डोंगरांची रांग आडवी, तिला वळसा घालून पावणेचारशे किलोमीटर आणि आठ तास.

वेळापत्रकात मात्र एक तास पाच मिनिटं छापलेली होती. ही वरची चोवीस मिनिटं मिनिटरावानेच घातली होती. धंद्यातली जुनी खुबी आहे ती. विमान थोडं रखडलं तरी छापलेल्या वेळेआधीच पोचतं आणि प्रवासी खूश होऊन उतरतात. "अंतर आहे तेवढं कधी सांगू नये," असं तो नव्या माणसांना शिकवायचा. "थोडं ताणून सांगावं. मग कुणी आपल्याला बोल लावत नाही." हे सांगताना त्याला तेव्हा अभिमान वाटायचा.

त्या गुरुवारी तो एक दिवसाच्या रजेवरून परतला होता. डोळे तारवटलेले, दाढी केलेली पण जागोजागी राहून गेलेली. कुणी काही विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही. नऊ दहाला चाकं सुटली. त्याने वेळ लिहिली. फोन वाजला.

"टेकलं हो दादा. नऊ अठ्ठावन्न."

"एक्कावन्न," मिनिटराव सवयीने म्हणाला.

"अठ्ठावन्न, दादा. घड्याळ माझ्या नाकासमोर आहे."

"चक्कर मारायला लावली का त्याला वरती?"

"छे हो. सरळ आलं, सरळ उतरलं."

तिसऱ्या रकान्यात त्याने अठ्ठेचाळीस लिहिलं. आकडा नीट आला होता, तरी तो त्याच्याकडे बराच वेळ बघत बसला. संध्याकाळी तेच विमान परत आलं, ते एकेचाळीस मिनिटांत.

२

शुक्रवारी अठ्ठेचाळीस. शनिवारीही अठ्ठेचाळीस. रविवारी समोरून चांगला दणकून वारा होता आणि सोमवारी पान हलत नव्हतं, पण दोन्ही दिवशी अठ्ठेचाळीसच. वारा असा पगारी नोकरासारखा वेळेवर येत नाही, हे मिनिटरावाला ठाऊक होतं.

बाकी कुणाला त्याची फिकीर नव्हती. छापलेल्या वेळेच्या सतरा मिनिटं आधी विमान पोचत होतं, मग तक्रार करणार कोण? एकटा मिनिटराव खनपटीला बसला. आधी त्याने ताईच्या घड्याळावर संशय घेतला. तिने टॉवरमधल्या माणसाला विचारून वेळ जुळवली, एक सेकंदाचा फरक नव्हता. मग त्याने कॅप्टनची उड्डाणपत्रकं मागवली. त्यावर रोज एकेचाळीस लिहिलेलं. मेकॅनिकने विमानातलं घड्याळ काढून नवं बसवलं. नव्यानेही एकेचाळीसच दाखवलं.

शेवटी त्याने इंधन तपासलं. घड्याळ बिघडेल, माणूस चुकेल, पण टाकीतलं इंधन कुणाच्या भिडेला पडत नाही. विमान पलीकडे उतरल्यावर टाकीत किती उरलं याचे आकडे त्याने मागवले, पंख्यांची भूक मिनिटाला किती ते काढलं आणि भागाकार केला. एकेचाळीस मिनिटांचं इंधन जळलं होतं. त्याने पुन्हा मांडलं, तिसऱ्यांदा मांडलं. एकेचाळीस.

म्हणजे रोज सात मिनिटं विमान आकाशात होतं आणि पंखे काही खात नव्हते. पंखे खात नसतील तर विमान पडायला हवं. ते पडत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उड्डाणाआधी कॅप्टनने त्याला शिडीजवळ बाजूला घेतलं. कॅप्टन म्हणजे आडदांड, गडगडाटी हसणारा माणूस. त्या दिवशी तो कुजबुजत होता.

"मिनिटराव, तुम्ही उगाच उकरू नका हो."

"काय उकरतोय मी?"

कॅप्टनने मनगट पुढे केलं. "हे माझं स्वतःचं घड्याळ. पलीकडे उतरलो की रोज सात मिनिटं मागे असतं. मी गुपचूप पुढे करतो. माझ्या शेजारी बसतो तोही करतो. आम्ही एकमेकांकडे बघत नाही. डॉक्टरांच्या कानावर गेलं तर आम्हाला घरी बसवतील."

"पण वर होतं काय नेमकं?"

"काहीच नाही. तेच तर." कॅप्टनने घसा साफ केला. "धावपट्टी समोर दिसते, मी खाली येतो आणि चाकं टेकतात. फक्त उतरल्यावर पाय ओले असतात."

३

घरी बायको म्हणाली, "तुम्ही जेवताय की आकडेमोड करताय?"

"विमानाला सात मिनिटं जास्त लागतायत."

"लागू देत." तिने त्याच्या ताटाकडे पाहिलं, त्याच्याकडे नाही. "सात जास्त लागली म्हणून तुमचा जीव तळमळतोय. आधीची एकेचाळीस होती, ती कधी वापरलीत का? मला बाजारातून भाजी आणायला त्याहून जास्त वेळ लागतो."

त्याने ताटातच हात धुतला.

हे सगळं असं होतं. मिनिटरावाची आई पलीकडच्या विमानतळावर साफसफाईला होती. त्याच्या शाळेच्या दिवसांपासून होती. तिथल्या फरश्या पुसून तिने याला शिकवलं, आणि याला नोकरी लागली ती त्याच कंपनीत, फक्त डोंगराच्या अलीकडे. रुजू होताना एक फॉर्म भरायचा होता. आईचं नाव, हयात की नाही, व्यवसाय, पत्ता. समोर मोठे साहेब बसलेले, शेजारी सोबत लागलेली पोरं, कुणाची आई डॉक्टर तर कुणाची शाळेत शिक्षिका. याचं पेन व्यवसायाच्या रकान्यावर थांबलं. आणि मग त्याला दिसलं, की 'हयात नाही' लिहिलं की पुढचे रकाने कोरे सोडता येतात.

त्याने 'हयात नाही' लिहिलं. आई तेव्हा एकावन्न वर्षांची होती आणि सकाळीच तिने फोनवर विचारलं होतं, नवा शर्ट अंगात बसला का म्हणून.

एकदा लिहिल्यावर ते निभावणं आलं. विमानाने जावं तर कॅप्टन बघणार, साहेब विचारणार, "कुणाकडे निघालात?" म्हणून तो जाईच ना. आईला सांगायचा, "लांब पडतं गं. यायचं म्हणजे दिवस मोडतो." आई म्हणायची, "हो रे राजा, लांबच आहे." जिच्या डोक्यावर रोज विमानांच्या वेळांचा फलक टांगलेला असायचा, त्या बाईला तो हे सांगत होता, आणि ती मान्य करत होती.

मग शेजारच्या बाईंचा फोन आला. आई गेली होती, झोपेतच. उद्या बाराच्या पुढे थांबवता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. सकाळच्या विमानात सहा जागा रिकाम्या होत्या, त्याच्या स्वतःच्या वहीत तसं लिहिलेलं होतं. कागदावर मेलेल्या आईसाठी रजा कशी मागायची? त्याने अर्जात लिहिलं, 'ओळखीतल्या एका बाईंच्या अंत्यविधीसाठी.' ओळखीतल्या बाईंसाठी कंपनी विमानाची जागा देत नाही आणि त्याला मागायची छातीही झाली नाही. तो पहाटे रस्त्याने निघाला. पोचला तेव्हा अडीच वाजून गेले होते. शेजारी कधीच पांगले होते. फक्त दारात त्या बाई उभ्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि किल्ली हातात ठेवली.

तो बुधवार होता. वहीतलं पहिलं अठ्ठेचाळीस गुरुवारचं.

४

"दादा, एक विचारू का?" दोन आठवड्यांनी ताई फोनवर म्हणाली. "तुमच्याकडे विमान धुतात का हो, सकाळी?"

"का?"

"इथे उतरणाऱ्या सगळ्यांचे बूट ओले असतात. दारापासून बाहेरच्या रस्त्यापर्यंत पावलं उमटतात. आणि फिनेलचा वास! बाहेर बघावं तर जमीन भेगाळलीय, उन्हाने फुफाटा झालाय."

"सीटखाली काहीतरी सांडत असेल," मिनिटराव म्हणाला. आपला आवाज आपल्यालाच खोटा वाटला त्याला.

"बघा बाई. आमच्या मावशी असत्या तर एका फटक्यात पुसून टाकलं असतं. गेल्या बिचाऱ्या. तुम्हाला सांगितलं नाही ना मी?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "कोण मावशी?"

"साफसफाईच्या. इतकी वर्षं इथेच होत्या. एक गंमत सांगते त्यांची. विमान टेकलं की हातातलं काम टाकून त्या बादली घेऊन काचेजवळ यायच्या आणि शेवटचा माणूस उतरेपर्यंत तिथेच पुसत उभ्या राहायच्या. रोज. मी म्हणायचे, मावशी, किती घासाल, झिजेल फरशी. तर म्हणायच्या, उतरताना कुणी घसरायला नको."

"किती वेळ?" त्याने विचारलं. का विचारलं हे त्याला कळलं नाही.

"असेल पाच-सात मिनिटं. मुलगा होता त्यांना, विमानखात्यातच. कुठे ते सांगायच्या नाहीत. लांब असतो, एवढंच. आम्ही सगळे गेलो होतो त्या दिवशी, तर मुलाचा पत्ता नाही. नंतर कळलं, रस्त्याने येत होता म्हणे. विमानखात्यात असून रस्त्याने! काय एकेक माणसं असतात, नाही का?"

"हो," मिनिटराव म्हणाला. "असतात."

फोन ठेवल्यावर तो मेल्याहून मेल्यासारखा होऊन बसून राहिला. समोर वही उघडी होती. अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. सगळं त्याच्याच हातचं, सुवाच्य.

५

इंधनाचं प्रकरण मोठ्या साहेबांपर्यंत गेलं ते मिनिटरावाच्याच कागदांमुळे. साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मिनिटराव, हे काय आक्रीत? एक काम करा. उद्या तुम्हीच बसा विमानात. हातात घड्याळ धरा आणि डोळ्यांनी बघून या."

"मी, साहेब?"

"मग काय मी? वेळ तुमच्याएवढी कोण जाणतो इथे?" साहेब हसले. "आणि तुम्ही पलीकडे गेलाच नाहीत कधी. एकदाच, तीन वर्षांपूर्वी, माझ्याबरोबर."

एकदाच. ते एकदा त्याला रात्रंदिवस पुरलं होतं.

तीन वर्षांपूर्वी साहेब तपासणीला निघाले आणि याला सोबत घेतलं. नाही म्हणायला कारण सापडेना. तिथे उतरल्यावर साहेबांची बॅग यायला वेळ लागला, म्हणून दोघं आतल्या खुर्च्यांवर बसले. आई लांबून दिसली. तिने त्याला बघितलं, हातातला पोछा तसाच धरून ती दोन पावलं अक्षरशः धावली. पोछ्याच्या दांड्याला निळ्या पट्ट्यांचं फडकं गुंडाळलेलं होतं, हात सटकू नये म्हणून. ते त्याच्या शाळेच्या शर्टाचं होतं. त्याने ओळखलं, आणि मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागला.

धावणारी पावलं थांबली. मग बादलीचं चाक कुरकुरलं. एकच चाक कुरकुरायचं तिच्या बादलीचं. ते हळूहळू जवळ आलं.

"साहेब, पाय जरा वर घ्या."

तिनेच त्याला सोडवलं. परक्या माणसाशी बोलावं तसं बोलून तिने त्याची लाज राखली. त्याने पाय वर घेतले. ती त्याच्या खुर्चीखाली पुसत राहिली, तेवढीच एक फरशी, पुन्हा पुन्हा. तो घड्याळाकडे बघत होता. बघायला दुसरी जागाच नव्हती. म्हणून त्याला नेमकं माहीत होतं की ती किती वेळ पुसत होती. सात मिनिटं.

"झालं, साहेब," ती म्हणाली आणि गेली.

"बाई मन लावून काम करते," मोठे साहेब म्हणाले होते.

"असेल," हा म्हणाला होता.

६

सकाळी नऊ दहाला चाकं सुटली. मिनिटराव चौथ्या रांगेत, मधल्या वाटेकडेच्या खुर्चीवर होता. एका हातात थांबघड्याळ, दुसऱ्या मनगटावर नेहमीचं. शेजारी खिडकीत एक गृहस्थ गोळ्यांची पुडी घेऊन बसले होते. पुढे पडदा बाजूला सारलेला, कॅप्टनची रुंद पाठ दिसत होती. मागे शेवटच्या रांगेनंतर सामानाची जाळी, तिच्यामागे काही नाही. हे त्याने बसण्याआधी दोनदा बघून घेतलं होतं.

दहा मिनिटं, वीस मिनिटं. सगळं ठीकठाक. एकतिसाव्या मिनिटाला डोंगर खालून सरकले. त्याने मनाशी ठरवलं, की हे काहीतरी साधंच असणार. गळती असेल, घड्याळाजवळ एखादं चुंबक असेल. शहाण्या माणसाला सुचावं ते सगळं त्याने सुचवून बघितलं. अडतिसाव्या मिनिटाला धावपट्टी दिसली. चाळिसाव्याला शेतं जवळ आली, एका छपरावर वाळत घातलेले कपडे दिसले.

एकेचाळीस.

थांबघड्याळाचा काटा थांबला. त्याने बटण दाबलं नव्हतं.

पंख्यांचा आवाज बंद नाही झाला. शेजारच्या खोलीत कुणी दार लावून घ्यावं, तसा तो दूर गेला. खिडकीत तेच छप्पर, तेच कपडे, हलेनात. शेजारच्या गृहस्थांनी गोळी तोंडाजवळ नेली होती, ती तिथेच राहिली. तोंड अर्धं उघडं. छाती वर गेलेली, खाली येत नव्हती.

फिनेलचा वास आला.

मग मागून, जिथे जाळीशिवाय काही नव्हतं तिथून, एक चाक कुरकुरलं.

त्याची पाचावर धारण बसली. मान वळवायची नाही, असं त्याने ठरवलं नव्हतं, मानच वळेना. ओलं फडकं जमिनीवर आपटल्याचा आवाज. मग घासल्याचा. चाक. पुन्हा आपटणं, पुन्हा घासणं. एक रांग. दुसरी. कुणी पाय हलवत नव्हतं आणि ती कुणाला सांगतही नव्हती. फडकं बुटांवरून तसंच फिरत होतं. चाक त्याच्या खुर्चीच्या मागे आलं आणि थांबलं.

डोळ्यांच्या कोपऱ्यात दांड्याचा खालचा भाग आला. निळ्या पट्ट्या. त्यांच्यावर हात. पाण्यात राहून राहून बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली. लहानपणी ताप आला की हीच बोटं कपाळावर असायची.

"साहेब," आवाज अगदी हळू होता, "पाय जरा वर घ्या."

एक शब्द म्हणायचा होता. दोन अक्षरांचा. जगातल्या कुठल्याही तान्ह्या पोराला जमतो तो. तोंडात आलाही होता. पण त्याआधी मिनिटरावाने काय केलं? त्याने पुढे बघितलं. कॅप्टन बघत नाही ना, हे त्याने बघितलं. कॅप्टन गोठलेला होता, गोळीवाले गृहस्थ गोठलेले होते, सगळ्या विमानात ऐकायला कुणीही नव्हतं. आणि तरीही त्याने आधी ते बघितलं.

तेवढ्यात पाय आपोआप वर उचलले गेले.

हात क्षणभर थांबला. मग फडकं त्याच्या खुर्चीखाली फिरू लागलं. तेवढीच जागा, पुन्हा पुन्हा, घाई न करता, तिच्यापाशी वेळ होता तोवर. पाय अधांतरी धरून धरून त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या. घाम डोळ्यांत गेला. बोलेन, आता बोलेन, असं त्याचं चाललं होतं. नजर मात्र थांबलेल्या काट्यावर खिळलेली.

"झालं, साहेब," ती म्हणाली.

चाक पुढे गेलं, कॅप्टनच्या पाठीशेजारून, पुढच्या काचेच्या दिशेला. त्याने मान वर केली तेव्हा फक्त पडदा हलत होता.

पंख्यांचा आवाज अंगावर आला. गोळी तोंडात गेली. चाकं टेकली.

७

ताई दाराशीच उभी होती, आवाजापेक्षा लहान चणीची, हातात घड्याळ उंच धरून. "नऊ अठ्ठावन्न! बघितलंत ना दादा? आता मिळालं का कारण?"

तो बाजूला झाला. एकेक प्रवासी त्याच्या शेजारून पुढे जात होता आणि फरशीवर ओली पावलं उमटत होती. गोळीवाले गृहस्थ पुटपुटत मोजे चाचपत होते. कॅप्टन खाली मान घालून मनगटाशी खुडबुड करत होता.

ताईने मिनिटरावाच्या मागे बघितलं. मग वाकून त्याच्या बुटांकडे.

"अय्या, दादा. तुमचे तेवढे कोरडे कसे?"

सगळ्या विमानात एकट्याचे. त्याला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तो आतल्या खुर्च्यांपर्यंत गेला, भिंतीवरच्या घड्याळासमोर बसला आणि भर माणसांत हुंदके देऊन रडायला लागला. ताई पाणी घेऊन धावली. "काय झालं? कुणी आपलं माणूस का?"

"आई," तो म्हणाला. "त्या मावशी. माझी आई होती ती."

ताईच्या हातातला पेला तसाच राहिला. तिने तो शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि एक पाऊल मागे सरकली. अशा मुलाबद्दल बोलायचं ते तिने आधीच फोनवर बोलून टाकलं होतं.

८

दुसऱ्या दिवशी फोन आला. ताईचा आवाज कोरडा होता, दादा वगैरे काही नाही.

"नऊ एक्कावन्न."

"किती?"

"एक्कावन्न. एकेचाळीस मिनिटं. फरशीही कोरडी आहे."

त्यानंतर रोज एकेचाळीस. कॅप्टन पुन्हा गडगडाटी हसायला लागला. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर मिनिटरावाची पाठ थोपटली. हा माणूस नुसता विमानात बसून आला आणि विमान सुधारलं, म्हणाले. सगळे हसले. त्याला मात्र उलगडलं होतं. तिला जे विचारायचं होतं ते तिने विचारलं होतं, त्याने जे द्यायचं ते उत्तर दिलं होतं. आता तिला काचेजवळ थांबायचं कारण उरलं नव्हतं.

एका दुपारी तो धीर करून साहेबांच्या खोलीत गेला. "साहेब, माझा रुजू होतानाचा फॉर्म काढता का? त्यात एक चूक आहे. दुरुस्त करायची आहे."

साहेबांनी फाइल काढून समोर ठेवली. कागद पिवळट पडला होता. त्याने बोट ठेवलं तिथे साहेबांनी चष्म्यातून वाचलं.

"आई, हयात नाही." साहेबांनी वर पाहिलं. "का? हयात आहेत?"

"नाही, साहेब."

"मग बरोबरच आहे की. दुरुस्ती कसली करायची त्यात?"

तो काहीतरी सांगणार होता. साहेब वाट बघत होते, चेहऱ्यावर काळजी होती, माणूस वाईट नव्हता. पण सांगायचं म्हणजे नऊ वर्षं सांगायची. मिनिटरावाने फाइल मिटली आणि "नजरचूक झाली," म्हणून बाहेर आला.

आता दर रविवारी तो सकाळच्या विमानाने जातो. तिकडे त्याचं कुणी नाही. ताई त्याला बघून आत निघून जाते. तो चौथ्या रांगेत, वाटेकडेच्या खुर्चीवर बसतो. बूट काढतो, मोजे काढतो आणि दोन्ही तळपाय जमिनीला घट्ट टेकवून ठेवतो. डोंगर गेले की त्याचे ओठ हलायला लागतात. शेजारी बसणाऱ्यांना वाटतं, हा उडायला घाबरतो. धावपट्टी दिसते, शेतं जवळ येतात, छपरावरचे कपडे येतात आणि निघून जातात. बरोबर एकेचाळीस मिनिटांनी चाकं टेकतात, आणि त्याच्या पायाखालची जमीन कोरडी असते.